औषध विरतं, धातू उरतो

आजचा विषय कागदावर जरा जड दिसतो : प्रतिजैविकं आणि जड धातू यांच्या प्रदूषणाचा मातीतल्या जीवांवर होणारा परिणाम. पण घरातली एक साधी गोष्ट घेतली तर तो निम्मा सुटतो. गाईला दगडी झाली, म्हणजे कासदाह झाला, की डॉक्टर सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्यानंतर काही दिवस त्या गाईचं दूध विरजलं तर दही नीट लागत नाही. दुधात उरलेलं औषध विरजणातल्या जिवाणूंना वाढू देत नाही, एवढंच कारण. दुधाचा रंग बदललेला नसतो, वास आलेला नसतो. फक्त रात्रभरात जे काम व्हायचं ते झालेलं नसतं.

आता तीच गाय शेणही देते. शेण उकिरड्यात, उकिरड्यातून रानात. दह्याचा निकाल सकाळी कळतो, रानाचा कळायला वर्षं जातात. म्हणून मातीतल्या या बिनपगारी कामकऱ्यांचं काय होतं, हे आज आपण जरा सावकाश बघू.

मातीत राहतं कोण?

एक ग्रॅम चांगल्या मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात. शिवाय बुरशीचे धागे, सूत्रकृमी, आणि डोळ्यांना दिसणारी गांडुळं. काडीकचरा कुजवणं, अमोनियाचं नायट्रेट करणं, अडकून पडलेलं स्फुरद मोकळं करणं, ही यांची रोजची कामं. मुरुड भागात सोयाबीन, तूर, हरभरा ही तिन्ही पिकं शेंगवर्गीय. त्यांच्या मुळांवरच्या गाठीत रायझोबियम कुळातले जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. एवढा नत्र पोत्यातून द्यायचा म्हटला तर खर्च किती होईल, याचा हिशोब तुम्ही आमच्यापेक्षा चांगला कराल.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो वास येतो, त्यातही यांचा मोठा वाटा आहे. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि त्याचा तो वास. गंमत अशी की याच कुळानं माणसाला औषधं दिली. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना अशाच एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयरोगावरचं ते पहिलं प्रभावी प्रतिजैविक. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि १९६१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं.

मग तुम्ही म्हणाल, प्रतिजैविक मातीतूनच आलं ना, ते मातीला काय नवीन? प्रश्न रास्त आहे. प्रतिकारही जुनाच आहे. कॅनडाच्या युकॉन भागात तीस हजार वर्षं गोठून राहिलेल्या मातीत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सापडली, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पण मातीतला जिवाणू औषध तयार करतो ते किंचित, कणाएवढ्या जागेत, थोडा वेळ. आपण ते ग्रॅम-किलोनं आणि वर्षानुवर्षं टाकतो. फरक मात्रेचा आणि सातत्याचा आहे.

औषध रानात येतं कुठून?

पहिली वाट जनावरांची. टोचलेलं किंवा पाजलेलं अँटिबायोटिक जनावराच्या अंगात सगळं वापरलं जात नाही. त्यातला मोठा भाग, काही औषधांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त, जसाच्या तसा शेण-मूत्रातून बाहेर पडतो. दुसरी वाट कोंबडीखताची. कोंबड्यांच्या खाद्यातून आणि पाण्यातून औषधं दिली जातात, आणि ते खत उसाला, भाजीपाल्याला आपण आवडीनं घालतो. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध. ते कोंबड्या-जनावरांना द्यायला केंद्र सरकारनं २०१९ च्या जुलैत बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

तिसरी वाट थेट फवारणीची. डाळिंबावर तेल्या येतो. तो जिवाणूचा रोग आहे, म्हणून कित्येक वर्षं त्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं गेलं. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. पंपात सोबत काय असतं? बहुतेक वेळा कॉपर ऑक्सिक्लोराइड. म्हणजे प्रतिजैविक आणि धातू एकाच टाकीत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं एक मसुदा आदेश काढला. १ जानेवारी २०२४ पासून शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा वापर पूर्ण थांबवावा, असं त्यात म्हटलं होतं. कारण सरळ होतं : ही माणसाची औषधं आहेत, ती झाडांवर उधळायची नाहीत.

रानात आल्यावर औषधाचं काय होतं? आपली काळी माती चिकण. तिच्या बारीक पापुद्र्यांवर टेट्रासायक्लिन घट्ट चिकटून बसतं, आपल्या चुनखडीच्या रानातला कॅल्शियमही त्याला धरून ठेवतो. ते चिकटतं म्हणून विहिरीत लवकर उतरत नाही, ही चांगली बाजू. पण चिकटलेलं औषध पूर्ण निकामी झालेलं नसतं. त्या कणावर राहणाऱ्या जिवाणूला ते जाणवत राहतं. मग नाजूक जिवाणू मागे पडतात, काटक पुढे येतात, जिवाणूंच्या मानानं बुरशीचं प्रमाण वाढतं, आणि अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम मंदावतं. महिन्या-दोन महिन्यांत, काही औषधांच्या बाबतीत त्याहून सावकाश, औषध तुटत जातं आणि माती बऱ्यापैकी सावरते. गोष्ट इथंच संपली असती तर आपण एवढी काळजी केली नसती.

धातू मात्र जात नाही

जड धातू म्हटलं की विष, असं समजू नका. तांबं आणि जस्त पिकाला आणि आपल्यालाही लागतं. मराठवाड्याच्या चुनखडीच्या जमिनीत तर जस्ताची कमतरता सर्रास आढळते. माती परीक्षणात पिकाला मिळण्याजोगं जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आलं की जस्त द्या असं सांगतात, ते बरोबरच आहे. कॅडमियम, शिसं, पारा यांचं मात्र पिकाला काही काम नाही. ते स्फुरदाच्या काही खतांतून, कारखान्याच्या आणि शहराच्या सांडपाण्यातून, न निवडलेल्या कचऱ्याच्या खतातून येतात.

औषध रेणू आहे, तो तुटतो. तांबं मूलद्रव्य आहे, त्याला तोडणारा जिवाणू जगात नाही. ते दुसऱ्या रूपात जातं, चिकणमातीला आणि सेंद्रिय कर्बाला बांधलं जातं, पण रानातच राहतं.

एक हिशोब मांडून बघू. एकराला चारशे लिटर पाणी, लिटरला अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे एक किलो पावडर. त्यात निम्मं तांबं, म्हणजे अर्धा किलो. वर्षाला आठ फवारण्या धरल्या तर चार किलो. एका एकराची वरची सहा इंच माती साधारण आठ लाख किलो भरते. सगळं तांबं तिथंच राहिलं असं धरलं तर वर्षाला किलोमागे पाच मिलिग्रॅमची भर. एका वर्षात काही नाही. वीस वर्षांत शंभर मिलिग्रॅम. आपल्या काळ्या मातीत बेसाल्ट खडकातून आलेलं तांबं मुळातच असतं, पण ते खनिजात जखडलेलं. आपण वरून टाकतो ते सुरुवातीला मोकळं असतं, आणि गांडुळाला, बुरशीला तेच लागतं. तांबं साठलेल्या मातीतून गांडूळ निघून जातं.

युरोपात द्राक्षावर १८८५ पासून बोर्डो मिश्रण, म्हणजे आपलं मोरचूद आणि चुना, फवारत आले. तिथल्या जुन्या बागांत इतकं तांबं साठलं की आता युरोपीय संघानं मर्यादा घातली : सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं नाही. सेंद्रिय शेतीलाही हीच मर्यादा लागू आहे. मघाच्या हिशोबातलं एकरी चार किलो म्हणजे हेक्टरी जवळजवळ दहा किलो, तेही एका वर्षात. तुलना तुम्हीच करा.

इंग्लंडमधल्या गाठी

शेंगवर्गीय पीक घेणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा असा एक प्रयोग आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड संस्थेच्या वोबर्न इथल्या शेतावर १९४२ पासून १९६१ पर्यंत काही वाफ्यांना शहराच्या मैलापाण्याचा गाळ घातला, काहींना शेणखत. गाळात जस्त, तांबं, कॅडमियम होतं. १९६१ नंतर गाळ घालणं बंद झालं. पुढे ऐंशीच्या दशकात त्या वाफ्यांवर पांढरं क्लोव्हर घेतलं. तेही आपल्या हरभऱ्यासारखंच गाठी धरणारं पीक. शेणखताच्या वाफ्यात ते जोमदार आलं, गाळाच्या वाफ्यात पिवळं आणि खुरटं.

मुळं उपटून बघितली तर गाळाच्या वाफ्यातही गाठी होत्या! पण त्या बारीक आणि फिक्या. धातू सोसून जो एकच वाण टिकला होता, त्याला गाठ धरता येत होती, नत्र धरता येत नव्हता. गाळ घालणं थांबून वीसेक वर्षं झाली होती. त्या रानातली धातूंची पातळी त्या वेळच्या कायदेशीर मर्यादेच्या आसपासच होती.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. वोबर्नची माती वालुकामय, आपली चिकण आणि चुनखडीची. आपल्याकडे धातू जास्त घट्ट बांधला जातो, म्हणून तेवढ्याच मात्रेचा फटका कमी बसतो. ही आपली ठेव आहे. पण ठेव मोडत गेलो तर ती संपतेच.

दोन्ही एकत्र आले की

आता आजच्या विषयाचा गाभा. जिवाणूला तांब्यापासून वाचायचं असेल तर तो काय करतो? बऱ्याचदा पेशीच्या पडद्यात एक पंप बसवतो आणि आत आलेलं तांबं बाहेर फेकतो. असे काही पंप तांब्याबरोबर अँटिबायोटिकही बाहेर फेकतात. ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा अशी : जिवाणूजवळ प्लाझमिड नावाचं जनुकांचं एक छोटं कडं असतं. गाठोडंच म्हणा. त्या गाठोड्यात तांबं सोसायचं जनुक आणि टेट्रासायक्लिनला दाद न देणारं जनुक शेजारी-शेजारी बांधलेलं असू शकतं. जिवाणू हे गाठोडं शेजाऱ्याला देतो, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. रानात तांबं आहे तोवर ते गाठोडं टाकून देणं जिवाणूला परवडत नाही. म्हणजे टेट्रासायक्लिन केव्हाच विरून गेलं, तरी त्याचा प्रतिकार तांब्याच्या जिवावर टिकून राहतो. औषध बंद केलं म्हणून प्रश्न मिटत नाही, तो यामुळे.

हे नुसतं तर्काचं नाही. डेन्मार्कमध्ये शेतातल्या वाफ्यांत फक्त तांबं घातलं, प्रतिजैविक अजिबात नाही. २००५ साली आलेल्या त्या अभ्यासात तांबं सोसणारे जिवाणू वाढलेच, आणि त्यांच्यात ॲम्पिसिलिनसारख्या औषधांना दाद न देणारेही जास्त निघाले. नेदरलँड्समध्ये १९४० पासूनचे मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. २०१० साली ते तपासले तेव्हा प्रतिकाराची जनुकं दशकागणिक वाढलेली दिसली. टेट्रासायक्लिनचं एक जनुक तर १९७० च्या दशकाच्या तुलनेत २००८ मध्ये पंधरा पटींहून जास्त. स्कॉटलंडच्या जुन्या नमुन्यांत जिथं तांबं जास्त, तिथं अशी जनुकंही जास्त आढळली. आणि युरोपीय संघानं डुकरांच्या पिलांच्या खाद्यात औषध म्हणून घातला जाणारा झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद केला. कारणं दोन : जमिनीत जस्त साठतं, आणि प्रतिकार वाढायला मदत होते.

मांजरेच्या खालच्या अंगाला

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या नदीबरोबर खाली जाऊ. मुरुडच्या शिवारातलं पाणी शेवटी मांजरेला मिळतं. मांजरा बीडच्या बालाघाटात उगवते, लातूर, बीदर करत तेलंगणात जाते आणि पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून गोदावरीला मिळते. वाटेत हैदराबादजवळ पाटनचेरूची औद्योगिक वसाहत आहे. तिथलं पाणी इसकवागू, नक्कवागू या ओढ्यांतून मांजरेत येतं. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटानं तपासलं. २००७ साली निकाल आला : सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढं असतं त्याहून हे जास्त! नंतरच्या अभ्यासांत त्या परिसरातल्या ओढ्याच्या गाळात आणि शेतमातीतही या गटाची औषधं आणि त्यांच्या प्रतिकाराची जनुकं सापडली.

मुरुड पाटनचेरू नाही. पण वाट तीच आहे : औषध पाण्यात किंवा खतात, तिथून मातीत, मातीतल्या जिवाणूच्या गाठोड्यात, आणि भाजी, धूळ, पाणी, हात यांच्यामार्फत आपल्या आतड्यात. प्रतिकाराचं सगळं खापर मातीवर फोडता येणार नाही. दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात अँटिबायोटिकचा जो सैल वापर होतो, तो मोठा गुन्हेगार आहेच. पण माती हे त्या जनुकांचं कोठार आहे, आणि कोठार भरायचं की नाही यात आपला हात आहे.

मग आपण करायचं काय?

औषध मुळातच कमी लागावं, इथून सुरुवात. दूध काढण्याआधी आणि नंतर सड स्वच्छ, गोठा कोरडा, लसी वेळेवर. लम्पी हा विषाणूचा आजार, त्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टर ते देतात ते जखमा चिघळू नयेत म्हणून. तेव्हा दुकानातून आणून आपल्या मनानं टोचायचं नाही.

उपचार चालू असलेल्या जनावराचं शेण वेगळ्या ढिगात घाला. ढीग ओलसर ठेवा, वरखाली करा, तो आतून हात लावता येणार नाही इतका, म्हणजे ५५ ते ६० अंशांपर्यंत तापू द्या. अशा तापलेल्या खतात टेट्रासायक्लिनसारखी औषधं बरीच तुटतात. सिप्रोच्या गटातली औषधं जरा हट्टी आहेत, त्यांना जास्त वेळ द्या. त्या दिवसांतलं दूध वासराला पाजू नका आणि गोबरगॅसच्या टाकीतही ओतू नका. टाकीतल्या जिवाणूंचं कामही त्या औषधानं मंदावतं, गॅस कमी होऊ शकतो. ते वेगळ्या ढिगातच मुरवा.

पण लक्षात ठेवा, कुजवल्यानं धातू जात नाही. उलट ढीग आटतो आणि धातू तेवढाच राहतो, म्हणून किलोमागचं प्रमाण वाढतं. त्यामुळे कोंबडीखत किंवा शहराचं कंपोस्ट ट्रकनं घ्यायचं असेल तर आधी तपासणीचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात कंपोस्टसाठी किलोमागे मर्यादा दिलेल्या आहेत : तांबं ३०० मिलिग्रॅम, जस्त १०००, शिसं १००, कॅडमियम ५. मोजायला हीच पट्टी वापरा.

झिंक सल्फेट माती परीक्षण बघून द्या, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून नको. तुरीच्या मर रोगाला ट्रायकोडर्मा सोडायचा आणि त्याच आळवणीत कॉपर ऑक्सिक्लोराइडही घालायचं, हे म्हणजे राखणदार ठेवून त्यालाच कोंडणं झालं. ट्रायकोडर्मा बुरशी आहे आणि कॉपर बुरशीनाशक. दोन्ही एकत्र नकोत. रायझोबियमच्या पाकिटाजवळ तर अँटिबायोटिकची पुडी ठेवायचीच नाही. आणि सेंद्रिय कर्ब वाढवा, पाला रानात जिरवा. धातूला बांधून ठेवणारी, जिवाणूला खाऊ घालणारी वस्तू तीच.

शेवटी एक तपासणी, जिला प्रयोगशाळा लागत नाही. सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की रानाच्या चार-पाच जागांहून झाडं खुरप्यानं मातीसकट काढा. ओढू नका, गाठी तुटतात. मुळं धुवा, गाठी मोजा, आणि नखानं कापून आत बघा. आतून गुलाबी-तांबूस असेल तर कामकरी कामावर आहेत. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर विचारा : पाणी साचलं होतं का, युरिया जास्त झाला का, बियाण्याला काय चोळलं, आणि गेल्या काही वर्षांत या रानात कुठलं खत, कुठली पावडर, किती आली. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत लिहून ठेवलेलं नसतं. यंदापासून तेवढं एका वहीत लिहायला लागू. फवारणीची तारीख, औषधाचं नाव, मात्रा, खत कुठून आणलं. ज्या मालाचा हिशोब रान कधीच विसरत नाही, त्याचा हिशोब आपल्याकडेही असलेला बरा.

आता प्रश्न विचारा.